वॉल्टनच्या जुन्या प्रतींचा माग

१६५३ साली लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, सेंट डनस्टन चर्चच्या आवारातल्या रिचर्ड मॅरियटच्या दुकानात एक खिशात मावेल एवढं पुस्तक विक्रीला आलं. किंमत १८ पेन्स. शीर्षकपानावर लेखकाचं नाव नव्हतं, आत अर्पणपत्रिकेखाली तेवढी त्रोटक सही होती. लेखक आयझॅक वॉल्टन, मूळचा स्टॅफर्डचा, लंडनमध्ये व्यापार करून साठीला टेकलेला. ‘द कंप्लीट अँगलर’ हे त्याचं गळाने मासे धरण्यावरचं पुस्तक आज जुन्या ग्रंथांच्या बाजारात सर्वाधिक मागणी असलेल्या इंग्रजी पुस्तकांपैकी एक आहे.

पहिल्या आवृत्तीच्या चांगल्या प्रती इतक्या कमी का उरल्या, याचं कारण पुस्तकाच्या आकारातच आहे. हे पुस्तक कपाटात ठेवायचं नव्हतंच. ते नदीकाठी नेलं गेलं, भिजलं, हाताळून फाटलं. आत माशांची कोरीव चित्रं होती आणि हेन्री लॉजने चाल दिलेलं एक गाणंही होतं. त्या गाण्याचं एक पान मुद्दाम उलटं छापलेलं आहे, समोरासमोर बसलेल्या दोघांना एकाच पुस्तकातून गाता यावं म्हणून. आज एखादी प्रत विकायला आली की जाणकार आधी ही पानं आहेत का ते बघतात.

वॉल्टनच्या हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या: १६५३, १६५५, १६६१, १६६८ आणि १६७६. ही नुसती पुनर्मुद्रणं नव्हेत, आणि खरी गंमत इथेच आहे. पहिल्या आवृत्तीत पिस्केटर (मासे धरणारा) आणि व्हिएटर (वाटसरू) या दोघांचाच संवाद होता. १६५५ मध्ये व्हिएटर गेला, त्याच्या जागी शिकारी व्हेनेटर आला आणि ससाणे पाळणारा ऑसेप्सही. १३ प्रकरणांचं पुस्तक वाढत २१ प्रकरणांचं झालं. १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने गळाला कृत्रिम माशी लावून ट्राउट आणि ग्रेलिंग हे मासे कसे धरावेत यावर दुसरा भाग लिहिला, आणि रॉबर्ट व्हेनबल्सचं पुस्तक तिसरा भाग म्हणून जोडलं गेलं. वॉल्टन कट्टर राजनिष्ठ, तर व्हेनबल्स राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सैन्यातला अधिकारी. यादवी युद्धात जे जमलं नाही ते माशांनी जमवलं म्हणायचं! काही प्रतींत पहिले दोनच भाग सापडतात, त्यामुळे घेताना तिन्ही आहेत का ते पाहावं लागतं.

१६७६ नंतर मात्र ७४ वर्षं शांतता. १६८३ मध्ये वॉल्टन वारला, आणि पुस्तक पुन्हा छापलं गेलं ते थेट १७५० मध्ये, लेखक आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सनच्या सूचनेवरून मोझेस ब्राउनने. ब्राउनने भाषेवर बराच हात फिरवला. दहा वर्षांनी जॉन हॉकिन्सने लेखकाच्या चरित्रासह आपली आवृत्ती काढली आणि दोघांत चांगलीच जुंपली. माझ्या मते जपून ठेवावी ती हॉकिन्सची. ब्राउनची प्रत कुतूहल म्हणून ठीक.

एकोणिसाव्या शतकात तर पूर आला. १८२३ ची जॉन मेजरची सचित्र आवृत्ती, विल्यम पिकरिंगने १८२५ मध्ये काढलेली अगदी चिमुकली आवृत्ती आणि १८३६ मध्ये त्यानेच काढलेले निकोलसने संपादित केलेले दोन देखणे खंड ही त्यातली ठळक नावं. १८६४ पर्यंत गुंता इतका वाढला की थॉमस वेस्टवुडने फक्त या पुस्तकाच्या आवृत्त्यांचा इतिहास लिहिला. आता मोजदाद ४०० च्या वर गेली आहे. बेताच्या खिशाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकातल्याच आवृत्त्यांचा शोध घ्यावा. विसाव्या शतकातली आर्थर रॅकहॅमच्या चित्रांची १९३१ ची आवृत्तीही लोकप्रिय आहे, पण तिची मागणी बरीचशी चित्रांमुळे, म्हणजे तिथे तुमची स्पर्धा रॅकहॅमच्या चाहत्यांशी.

एक सावधगिरी. १८७६ मध्ये एलियट स्टॉकने पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रतिकृती छापली. तिच्या शीर्षकपानावर १६५३ दिसतं आणि नवखा माणूस हरखून जातो. कागद आणि बांधणी पाहिली की उलगडा होतो.

मोठे संग्रह हळूहळू ग्रंथालयांत गेले. डॅनियल फिअरिंगने १९१५ मध्ये मासेमारीवरचा आपला ग्रंथसंग्रह हार्वर्डला दिला, आणि असे संग्रह पुन्हा बाजारात येत नाहीत. तरी शोध संपलेला नाही. १५७७ सालच्या ‘द आर्ट ऑफ अँगलिंग’ची एकुलती एक ज्ञात प्रत विसाव्या शतकाच्या मध्यावर कार्ल ओटो फॉन कीनबुश या संग्राहकाच्या हाती लागली आणि १९५६ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने ती छापून काढली. त्यातही संवादच आहे, आणि बोलणाऱ्यांची नावं पिस्केटर आणि व्हिएटर. वॉल्टनने आपली जोडी कुठून उचलली हे त्याच्या मृत्यूनंतर पावणेतीनशे वर्षांनी कळलं, तेही एका संग्राहकामुळे.