नंबर दाखवणारी डबी आणि कॉल अडवणारी डबी

अंबाजोगाईला आमच्या आबांकडे अजून लँडलाइन आहे. फोन बैठकीत, आबा ओसरीवर. घंटी वाजली की काठी शोधायची, उंबरा ओलांडायचा, आणि रिसीव्हर उचलला की पलीकडे कर्ज देणारी बाई. "कामून उठावं मी ह्याच्यासाठी?" आबा वैतागायचे. म्हणून धाकट्या भावानं ऑनलाइन एक डबी मागवली. ती निघाली कॉलर आयडी. हवा होता कॉल ब्लॉकर.

चूक सहज होण्यासारखी आहे. दोन्ही डब्यांना छोटा स्क्रीन, चार-दोन बटणं, आणि वायरीच्या दोन खाचा: एक भिंतीकडून येणाऱ्या लाइनची, दुसरी फोनची.

कॉलर आयडी नुसता नंबर दाखवतो. घंटी वाजायची ती वाजतेच. फोनशेजारी बसणाऱ्याला ते पुरतं, पण आबांना उठून जवळ जावं लागतं, चष्मा लावून आकडे वाचावे लागतात. त्यांचा त्रास घंटीचाच होता, आणि तो तसाच राहिला.

ब्लॉकर नंबर वाचून यादीशी ताडून बघतो आणि नको असलेला कॉल स्वतःच तोडतो. बऱ्याच यंत्रांत त्याआधी एखादी रिंग वाजून जाते, पण दुसरी येत नाही. मग आम्ही ब्लॉकर आणला, आणि एवढ्यानं उठायची गरज पडत नाही, हे आबांना दोन दिवसांत कळलं.

यादी दोन तऱ्हेची असते. एकीत नकोसे नंबर भरायचे. तिचा मला फारसा भरवसा नाही, कारण आज एक अडवला तर उद्या शेवटचे आकडे बदलून दुसरा येतो. सुरुवातीच्या आकड्यांवरून अडवायची सोय असेल तर मात्र ती जरूर वापरा. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत, ते एका फटक्यात बंद होतात. १६०० ने सुरू होणारे अडवू नका, ते बँकांच्या कामाच्या कॉलसाठी आहेत.

दुसरी यादी ओळखीच्यांची. त्यात असेल त्याचाच फोन वाजेल. म्हाताऱ्या माणसांच्या घरी मी हीच निवडीन. धोका एकच, दवाखान्यातून वेगळ्या नंबरवरून फोन आला तर तोही अडतो. म्हणून आबांच्या दवाखान्याच्या फायलीतल्या चिठ्ठ्यांवरचे झाडून सगळे नंबर आम्ही भरले. मग गॅसवाला, दूधवाला, शेजारचे.

दोन्ही डब्यांना लाइनवर नंबर दिसण्याची सोय चालू असावी लागते. नाहीतर कॉलर आयडीचा स्क्रीन कोरा राहतो आणि ब्लॉकरला तपासायला काही मिळतच नाही. फायबरची लाइन असेल तर फोनची वायर इंटरनेटच्या डब्यातून निघते, ब्लॉकर त्या डब्याच्या आणि फोनच्या मधे लावायचा.

आणि बोलणारा माणूस खरा कोण, हे दोन्हींना कळत नाही. खोटा नंबर दाखवून फोन करता येतो. "पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुम्हाला अटक झालीय" असं कोणी म्हणालं तर स्क्रीनवर काहीही दिसो, फोन ठेवायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं. १९०९ वर नको-कॉलची नोंदणी अवश्य करा, पण नियम पाळणाऱ्या कंपन्याच तिनं थांबतात, ठग नाही.

आमची अडचण झाली ती नंबर भरताना. नांदेडच्या आत्याचा नंबर आम्ही ०२४६२ लावून यादीत टाकला. स्क्रीनवर मात्र तो पुढच्या शून्याशिवाय येत होता, आणि दोन दिवस आत्याचा फोन अडत राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं काळजीनं शेजारी फोन केला. मग अडवणं बंद ठेवून आम्ही एकेकाला मुद्दाम फोन करायला लावला, स्क्रीनवर आला तसाच नंबर कागदावर उतरवला, आणि तोच यादीत भरला.