इंडोनेशियन आणि सेबुआनो भाषांची तुलना

इंडोनेशियन आणि सेबुआनो या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलाच्या मलायो-पॉलिनेशियन शाखेतील दोन भाषा असून त्यांपैकी पहिली मलाय गटात, तर दुसरी मध्य फिलिपीन्सच्या बिसाया गटात मोडते. नाते निश्चित असले तरी एका भाषेचा भाषक दुसरीतले साधे वाक्यही समजू शकत नाही. ‘डोळा’ (माता), ‘पाच’ (लिमा), ‘आकाश’ (लाङित) असे काही शब्द दोन्हींत जसेच्या तसे आढळतात आणि नवख्याचे लक्ष साहजिकच त्यांच्याकडे जाते. नात्याचा खरा पुरावा मात्र वरवर वेगळे दिसणारे शब्द ज्या नियमाने वेगळे झाले त्या नियमात आहे.

सेबुआनो ही सेबू, बोहोल, पूर्व नेग्रोस, पश्चिम लेयते आणि मिंदानाओचा मोठा भाग येथील सुमारे दोन कोटी लोकांची मातृभाषा आहे. ‘सेबुआनो’ हे नाव स्पॅनिश वळणाचे असून भाषक स्वतः तिला बिसाया किंवा बिनिसाया म्हणतात. इंडोनेशियन ही मुळात बंदरांतून आणि व्यापारातून पसरलेली मलाय भाषा होय. २८ ऑक्टोबर १९२८ च्या युवक-प्रतिज्ञेत तिला ऐक्याची भाषा म्हणून स्वीकारण्यात आले आणि १९४५ च्या राज्यघटनेने तिला राजभाषा केले. तिचे बहुसंख्य भाषक घरी जावानीज, सुंडानीज किंवा अन्य एखादी भाषा बोलत वाढलेले असतात. फिलिपीन्समध्ये १९३७ साली राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोगची निवड झाल्यामुळे सेबुआनोला असे स्थान कधी लाभले नाही.

मूळ मलायो-पॉलिनेशियन भाषेत ‘र’सारखा एक ध्वनी होता. तो इंडोनेशियनमध्ये बहुधा ‘र’ राहिला आणि सेबुआनोत त्याचा ‘ग’ झाला. एकोणिसाव्या शतकातील डच भाषाशास्त्रज्ञ हर्मन न्यूब्रोनर व्हान डेर टूक यांनी हा संबंध प्रथम दाखवून दिला. शेपटी म्हणजे इंडोनेशियनमध्ये एकोर, सेबुआनोत इकोग. शंभरसाठी रातुस आणि गातोस. नव्यासाठी बारू आणि बाग-ओ. दुसरा नियम स्वरांचा आहे. मूळचा अस्फुट स्वर, म्हणजे साधारणपणे मराठी ‘अ’, इंडोनेशियनने शब्दाच्या पहिल्या अक्षरात टिकवला, तर सेबुआनोत तो उ-ओ या स्वरात मिसळून गेला. म्हणून इंडोनेशियन अम्पात (चार) आणि अनाम (सहा) हे सेबुआनोत उपात आणि उनोम होतात. दोन्ही नियम एकाच शब्दात लागू झाले की रूप पार बदलते. तांदळाला इंडोनेशियन बरास म्हणतो, सेबुआनो बुगास; ‘ऐकणे’ या अर्थी दङार आणि दुङोग. हे शब्द कानाला परके वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. इंडोनेशियन ‘ज’च्या जागी सेबुआनोत ‘द’ येतो, हे जालान-दालान (रस्ता) आणि जारुम-दागोम (सुई) या जोड्यांवरून दिसते.

‘च’चा ‘स’ होणे हा प्रकार मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. वाचणे या अर्थाचे इंडोनेशियन ‘बाचा’ संस्कृत ‘वाच्’शी जोडलेले असून सेबुआनोत ते ‘बासा’ आहे. शिरक्याला इंडोनेशियनमध्ये ‘चुका’ म्हणतात. ते संस्कृत ‘चुक्र’वरून आले आणि आपल्याकडील आंबट चुक्याचे नावही त्याच शब्दापासून आले आहे. सेबुआनोत हाच शब्द ‘सुका’ झाला. इंडोनेशियनमध्येही ‘सुका’ आहे, पण तो ‘सुख’वरून आलेला असून त्याचा अर्थ ‘आवडणे’ असा होतो. केवळ साम्य पाहून अर्थ लावणाऱ्याची येथे फसगत होते.

असे संस्कृत शब्द फिलिपीन्सला बहुतांशी मलायमार्फत पोहोचले. लुझोन बेटावर सापडलेल्या लागुना ताम्रपटात शक ८२२ मधील वैशाख महिन्याचा निर्देश असून त्याची भाषा मुख्यतः जुनी मलाय आहे. १५२१ साली दर्यावर्दी मॅगेलनच्या सफरीत त्याचा गुलाम एन्रिक याने बिसाया बेटांवरील राजाशी मलायमध्ये केलेले बोलणे राजाला समजले, असे त्या सफरीचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेत्ताने नोंदवले आहे. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. इंडोनेशियनने अरबी, पोर्तुगीज व डच शब्द घेतले, सेबुआनोने मुख्यतः स्पॅनिश. टेबल तेथे ‘मेजा’ आहे, येथे ‘लामेसा’.

सर्वांत मोठी तफावत क्रियापदात आहे. इंडोनेशियन वाक्य कर्ता-क्रियापद-कर्म या क्रमाने चालते आणि क्रियापदाला प्रामुख्याने कर्तरी व कर्मणी अशी दोनच रूपे असतात. सेबुआनोत क्रियापद आधी येते आणि वाक्याचा रोख कर्ता, कर्म, स्थान किंवा साधन यांपैकी कशावर आहे हे त्याच्या प्रत्ययावरून कळते. ‘मोपालित को ओग बुगास’ म्हणजे ‘मी तांदूळ विकत घेईन’; रोख ठरावीक तांदळावर असेल तर ‘पालितोन नाको आङ बुगास’; आणि तांदूळ ज्या पैशांनी घ्यायचा त्या पैशांवर असेल तर क्रियापद ‘इपालित’ होते. झालेल्या क्रियेसाठी ‘गिपालित’ असे वेगळे रूप आहे, तर इंडोनेशियन ‘सुदाह’ (झाले) किंवा ‘आकान’ (होईल) असा सुटा शब्द जोडून काम भागवते. जुन्या मध्यप्रत्ययांचे, म्हणजे शब्दाच्या मध्ये शिरणाऱ्या प्रत्ययांचे, अवशेष मात्र तिच्यातही सापडतात: तुंजुक म्हणजे दाखवणे, तलुंजुक म्हणजे तर्जनी. द्विरुक्ती दोन्ही भाषांत आहे, पण तिचे काम भिन्न आहे. इंडोनेशियन ‘आनाक-आनाक’ म्हणजे अनेक मुले; सेबुआनो ‘बालाय-बालाय’ म्हणजे अनेक घरे नव्हेत, तर मुलांचे खेळातले घर.

सर्वनामांत दोन्ही भाषा पुन्हा एकत्र येतात. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘कामी’ आणि त्याला सामावून घेणारे ‘किता’ ही रूपे दोन्हींत तीच आहेत, आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतला भेद पाळणाऱ्या मराठी भाषकाला त्यांचा वापर समजावून सांगावा लागत नाही. इंडोनेशियन यजमान ‘मारी किता माकान’, म्हणजे ‘चला, आपण जेवू’ म्हणतो. सेबुआनो घरी जेवणाच्या वेळी कोणी दारात आले, तर ‘मङाओन ता’ असे म्हणतात. त्यातला ‘ता’ हे ‘किता’चेच आखूड रूप आहे, आणि क्रियापदात दडलेला ‘काओन’ हा धातू ‘माकान’चा सख्खा भाऊ आहे.