अमेरिकेतले आर्मेनियन आणि गोरे अमेरिकन यांच्यातला सामाजिक-आर्थिक फरक

अमेरिकेच्या जनगणनेत आर्मेनियन लोक 'गोरे' या रकान्यात जातात, त्यामुळे त्यांची कमाई किती, शिक्षण किती, घर स्वतःचं की भाड्याचं याचा वेगळा हिशोब बहुतेक सरकारी तक्त्यांत सापडतच नाही. वंशावळ विचारणाऱ्या सर्व्हेत स्वतःहून आर्मेनियन लिहिणारे साधारण साडेचार ते पाच लाख भरतात, समाजाच्या संस्था मात्र दहा लाखांच्या वर सांगतात. त्यातले निम्म्याहून जास्त कॅलिफोर्नियात, तिथंही मुख्यतः लॉस एंजेलिस काउंटीत, आणि बाकीचे मॅसॅच्युसेट्स, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन, ऱ्होड आयलंड असे विखुरलेले. सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर ते गोऱ्या अमेरिकनांच्या फार मागे नाहीत, पदवीधरांच्या प्रमाणात तर राष्ट्रीय सरासरीच्या पुढेच आहेत. पण तेवढ्यावर विषय संपला असं समजणं मला साफ चुकीचं वाटतं, कारण हे लोक एकदम आले नाहीत, शंभर-सव्वाशे वर्षं लाटालाटांनी आले, आणि कोण कधी आला, कुठल्या देशातून आला, आल्यावर हातात काय होतं यावर त्याच्या घरची परिस्थिती ठरली. आर्मेनियन आणि गोरे यांच्यात जेवढं अंतर आहे त्याहून जास्त अंतर आर्मेनियनांमध्ये आपापसांत आहे.

कोर्टाने गोरं ठरवलं

१७९० च्या कायद्यापासून अमेरिकेचं नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसाला मिळत होतं, यादवी युद्धानंतर १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाचे लोक आले, पण आशियातले लोक बाहेरच राहिले. ऑटोमन साम्राज्यात, म्हंजे आजच्या तुर्कस्तानच्या भागात, आर्मेनियनांच्या १८९४ ते १८९६ मध्ये कत्तली झाल्या, १९०९ मध्ये अदाना शहरात झाल्या, आणि १९१५ पासून वंशसंहारच झाला, तिथून जीव वाचवून आलेल्या आर्मेनियनांपुढे मग प्रश्न होता की आपण कुठल्या बाजूचे. १९०९ साली बोस्टनच्या फेडरल कोर्टात हलाजियान आणि आणखी तीन आर्मेनियनांचे अर्ज आले, सरकारचं म्हणणं होतं की हे आशियाई आहेत, पण जज लोवेल यांनी त्यांना गोरं ठरवलं.

यानंतर १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांची नागरिकत्वाची केस आली आणि ही आपल्याकडच्या वाचकांनी नक्की माहीत करून घ्यावी अशी आहे. थिंद पंजाबचे, अमेरिकन सैन्यात राहिलेले, त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वंशशास्त्राची पुस्तकं काहीही म्हणोत, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, आणि त्या हिशोबाने हिंदुस्थानी माणूस गोरा नाही. या निकालामुळे ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा बऱ्याच भारतीयांचं ते काढून घेतलं गेलं. सरकारने लगेच तोच मुद्दा आर्मेनियनांवर लावला आणि ओरेगनमधल्या पोर्टलंडचे गालिच्यांचे व्यापारी तातोस कार्तोझियान यांचं नागरिकत्व रद्द करायला केस केली. आर्मेनियन समाजाने देशभरातून वर्गणी काढली, मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस साक्षीला उभे राहिले, आणि साक्षींचा भर कशावर होता तर आर्मेनियन लोक ख्रिश्चन आहेत, युरोपियनांत लग्नं करतात, समाजात मिसळतात यावर. १९२५ मध्ये कार्तोझियान जिंकले.

फरक समजून घ्यायला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कॅलिफोर्नियात १९१३ पासून कायदा होता की ज्याला नागरिक व्हायचा हक्कच नाही अशा परदेशी माणसाने शेतजमीन विकत घ्यायची नाही. म्हंजे एकाच खोऱ्यात, तेच द्राक्षाचं पीक घेणारा जपानी किंवा पंजाबी शेतकरी जमीन स्वतःच्या नावावर करू शकत नव्हता आणि शेजारचा आर्मेनियन करू शकत होता. आज आर्मेनियन घराण्यांकडे जी जुनी संपत्ती दिसते तिच्यामागे कष्ट आहेतच, प्रचंड आहेत, पण तेवढेच कष्ट करणाऱ्या दुसऱ्यांना जमीन धरून ठेवता आली नाही हेही सांगायलाच हवं.

फ्रेस्नो

कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातल्या फ्रेस्नो गावी १८८१ मध्ये सेरोपियान बंधू आले, मूळचे ऑटोमन साम्राज्यातल्या मार्सोवानचे, आणि त्यांच्या पत्रांवरून गावचे लोक मागोमाग यायला लागले. हवा, जमीन, द्राक्षं, अंजीर सगळं ओळखीचं होतं. काही वर्षांत आर्मेनियन लोक बेदाण्याच्या धंद्यात नुसते मजूर राहिले नाहीत, बागायतदार झाले, पॅकिंगवाले झाले.

पैसा आला पण शेजार मिळाला नाही. नव्या वस्त्यांतल्या घरांच्या खरेदीखतातच लिहिलेलं असायचं की हे घर काळ्या माणसाला, आशियाई माणसाला आणि आर्मेनियनाला विकायचं नाही. कायद्याने गोरा ठरलेला माणूस शहराच्या चांगल्या भागात घर घेऊ शकत नाही, मग तो आर्मेनियन टाउनमध्येच राहतो, तिथंच चर्च, तिथंच बेकरी. 'फ्रेस्नो इंडियन' म्हणून त्यांना हिणवलं जायचं. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मान मिळेना म्हणून प्रोटेस्टंट आर्मेनियनांनी १८९७ मध्ये स्वतःचं प्रेस्बिटेरियन चर्च काढलं, आणि हे लोक धर्मासाठीच देश सोडून आले होते हे लक्षात घेतलं की याचं दुःख केवढं असेल ते कळतं.

१९३० च्या सुमारास स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियर यांनी फ्रेस्नोतल्या या तिरस्काराचा अभ्यास केला. गोरे लोक सांगायचे की आर्मेनियन लबाड आहेत, उधारी बुडवतात, सरकारी मदतीवर जगतात, कायम भानगडीत असतात. लापियरनी कागदपत्रं तपासली तर व्यापारी संघटनेच्या नोंदीत आर्मेनियनांची पत बाकीच्यांइतकीच चांगली निघाली, धर्मादाय मदत मागण्यात ते कमी निघाले, आणि लोकसंख्येत सुमारे ६ टक्के असून पोलिसांकडच्या प्रकरणांत त्यांचा वाटा साधारण दीड टक्का होता. एवढं सगळं असूनही खरेदीखतातली ती ओळ लगेच गेली नाही, १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने असे करार कोर्टात लागू करता येणार नाहीत म्हणून सांगितलं तेव्हा कुठं त्यातला जोर गेला.

पूर्वेकडे गोष्ट वेगळी होती, तिथं शेती नव्हती, कारखाने होते. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या तारेच्या गिरण्यांत आर्मेनियन पुरुष राबायचे आणि अमेरिकेतलं पहिलं आर्मेनियन चर्च १८९१ मध्ये तिथंच झालं, वॉटरटाउनमध्ये हूड रबर कंपनीच्या भोवती वस्ती वाढली. तिथून पुढची पायरी म्हणजे स्वतःचं दुकान: किराणा, शिंपीकाम, चपला-बूट दुरुस्ती, ड्राय क्लीनिंग, गालिचे. दुसऱ्याच्या हाताखाली बढती मिळत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःचं काहीतरी टाकतो, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण आर्मेनियनांत आजही गोऱ्या अमेरिकनांपेक्षा बरंच जास्त आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पिढी मात्र भराभर वर गेली. सैन्यातून परत आलेल्यांना कॉलेजचा खर्च आणि घराचं कर्ज सरकारकडून मिळालं, आणि इथंही गोऱ्या रकान्यात असल्याचा फायदा झाला, कारण काळ्या सैनिकांना तेच कर्ज प्रत्यक्षात फार कमी मिळालं. फ्रेस्नोतल्या फळवाल्या शेतकऱ्याचा मुलगा कर्क कर्कोरियान आठवीत शाळा सोडून पुढे लास वेगासचा मोठा हॉटेलमालक झाला, स्मर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) भागातून आलेल्या अ‍ॅलेक्स मनूगियान यांनी डेट्रॉइटमध्ये १९२९ साली मास्को (Masco) नावाची कंपनी काढली, जॉर्ज ड्यूकमेजियन १९८३ ते १९९१ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. या जुन्या घराण्यांची नातवंडं-पतवंडं आज शिक्षण, कमाई, घर कशातही गोऱ्या अमेरिकनांच्या मागे नाहीत, त्यांची लग्नंही बहुतेक आर्मेनियन समाजाच्या बाहेर होतात, आणि बऱ्याच जणांना भाषा येत नाही.

१९६५ नंतर आलेले

१९२४ च्या कायद्याने आर्मेनियासाठी वर्षाला शे-सव्वाशे माणसांचाच कोटा ठेवला होता, म्हणून मधली चाळीस वर्षं येणं जवळजवळ थांबलं होतं. १९६५ मध्ये कायदा बदलला आणि मग लेबनॉनमधून, १९७५ च्या यादवीनंतर तर खूपच, १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमधून, ऐंशीच्या दशकात सोव्हिएत आर्मेनियातून, १९८८ च्या भूकंपानंतर आणि १९९१ मध्ये आर्मेनिया स्वतंत्र होऊन तिथली परिस्थिती ढासळल्यावर आणखी, असे लोक येत राहिले. हे बहुतेक लॉस एंजेलिसला आले, आधी ईस्ट हॉलीवूडमध्ये, मग ग्लेंडेलला. ग्लेंडेल म्हंजे दोन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, त्यातले जवळपास ४० टक्के आर्मेनियन. याच शहरात एकेकाळी काळ्या माणसाने सूर्यास्तानंतर थांबायचं नाही असा शिरस्ता होता आणि २०२० मध्ये नगर परिषदेने त्याबद्दल माफीचा ठराव केला.

या नव्या लोकांतही सगळे सारखे नाहीत. इराणहून आलेले बरेच जण शिकलेले, थोडाफार पैसा घेऊन आलेले होते. लेबनॉनवाल्यांकडे धंद्याचा अनुभव होता, डाउनटाउनच्या दागिन्यांच्या बाजारात त्यांनी जम बसवला, आणि समाजाच्या शाळा चालवायची सवय त्यांना बैरुतपासूनच होती (अमेरिकेतली पहिली पूर्णवेळ आर्मेनियन शाळा १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एन्सिनो भागात निघाली). सोव्हिएत आर्मेनियातून आलेल्यांचं सगळ्यात कठीण गेलं. त्यांच्यात इंजिनियर, डॉक्टर, शिक्षक भरपूर, पण डिग्री इथं चालेना, इंग्रजी येईना, पैसे आणायची तर तिथून परवानगीच नव्हती. मग टॅक्सी, गॅरेज, सोनारकाम, बेकरी, जे मिळेल ते. बरेच जण निर्वासित म्हणून आल्यामुळे सुरुवातीला सरकारी मदतीचे हक्कदार होते, ती त्यांनी घेतली, आणि त्यावरून त्यांना ऐकवलं गेलं, इतकंच काय तर अमेरिकेतच जन्मलेल्या जुन्या आर्मेनियनांकडूनसुद्धा ऐकवलं गेलं.

आजही लॉस एंजेलिस भागातल्या आर्मेनियन कुटुंबाची कमाई तिथल्या गोऱ्या कुटुंबापेक्षा कमी आहे, गरिबी जास्त आहे आणि भाड्याने राहणारे जास्त आहेत. दक्षिण ग्लेंडेलमध्ये अपार्टमेंटच्या रांगा, उत्तरेला टेकड्यांवर मोठी घरं. गोऱ्या अमेरिकन घरात मुलं अठराव्या वर्षी बाहेर पडतात, इथं मुलगा-मुलगी लग्नापर्यंत घरात, आजी-आजोबा पण त्याच घरात, त्यामुळे घरातली एकूण कमाई ठीक दिसली तरी ती किती माणसांत वाटली जाते हे आकड्यात दिसत नाही. म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात पाठवणं कमीपणाचं समजतात. घरी सांभाळणाऱ्याला मोबदला देणारी कॅलिफोर्नियाची जी सरकारी योजना आहे तिचे फॉर्म स्पॅनिश आणि चिनीसोबत आर्मेनियन भाषेतही निघतात, यावरून तिच्यावर किती घरं अवलंबून असतील ते समजावं. १९९६ च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांची मदत कापली तेव्हा इंग्रजीचा गंध नसलेल्या सत्तरीतल्या लोकांवर नागरिकत्वाच्या परीक्षेला बसायची वेळ आली.

आडनाव

फ्रेस्नोतली पत तपासणीची गोष्ट जुनी झाली असं कुणाला वाटत असेल तर हे वाचावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने सिटीबँकेला २ कोटी ५९ लाख डॉलर भरायचा आदेश दिला. विभागाच्या म्हणण्यानुसार २०१५ ते २०२१ या काळात बँकेने दुकानांच्या नावाने निघणाऱ्या क्रेडिट कार्डांच्या अर्जांत आर्मेनियन अर्जदार हेरून वेगळे काढले, म्हंजे आडनावाच्या शेवटी 'इयन' किंवा 'यान' असेल आणि पत्ता ग्लेंडेलचा असेल तर जादा तपासणी करायची किंवा अर्जच नाकारायचा, आणि कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं की हे लेखी किंवा रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर बोलायचं नाही. अर्ज नाकारल्यावर कारण द्यावं लागतं, तर कारणंही खोटी दिली गेली असं विभागाने नोंदवलं. त्या भागात काही आर्मेनियन टोळ्यांनी घोटाळे केले हे खरं आहे, पण त्याची शिक्षा म्हणून आख्ख्या आडनावाला उधारी बंद करणं आणि १९३० च्या फ्रेस्नोत दुकानदारांनी जे मनात धरलं होतं ते, यात मला काहीही फरक दिसत नाही. कार्ड नाही तर क्रेडिट स्कोअर बनत नाही, स्कोअर नाही तर घराचं कर्ज महाग पडतं, असा तो परिणाम पुढे चालत जातो.

मोजणी

१९८० पासून जनगणनेत वंशावळीचा वेगळा प्रश्न आला म्हणून आर्मेनियनांबद्दल निदान काहीतरी कळायला लागलं, २०२० मध्ये गोऱ्यांच्या रकान्याखाली मूळ लिहायची जागाही दिली गेली. मार्च २०२४ मध्ये सरकारने मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा स्वतंत्र गट मान्य केला, त्यात लेबनीज आहेत, इराणी आहेत, पण आर्मेनियनांबद्दल आणखी अभ्यास हवा असं सांगून त्यांना सध्या त्यात घेतलेलं नाही. काही आर्मेनियन संघटनांना समावेश हवा आहे, तर ज्यांच्या आजोबांनी वर्गणी काढून गोरेपण कोर्टात सिद्ध केलं त्यांच्यापैकी काहींना तो नको आहे. तेहरान किंवा बैरुतहून आलेलं आर्मेनियन कुटुंब आता फॉर्मवर कुठली खूण करणार हे ज्याच्या त्याच्यावर आहे, त्यामुळे येत्या काही वर्षांत गोऱ्यांशी तुलनेचे जे आकडे निघतील त्यात नेमके नव्याने आलेले लोक दोन रकान्यांत विभागले जाणार.