गाडी बंद पडल्यानंतरची वीस मिनिटं

चालती गाडी मध्येच बंद पडते. सेल्फ मारून मारून काही होत नाही. आणि अर्ध्या तासाने तीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात एका सेल्फला सुरू होते. हे ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचंही पाठ असेल. गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते. मेकॅनिक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "गाडी तर ओके आहे." मग अंदाजाने प्लग बदलतात, फिल्टर बदलतात, बॅटरी बदलतात, आणि पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा रस्त्यात उभी. माझ्या गाडीने हे तीनदा केलं. दोनदा मी नुसता वैतागून टोइंगची वाट पाहत बसलो. तिसऱ्यांदा कळलं, की बिघाड त्या वीस मिनिटांत समोर हजर असतो आणि आपण पाठ फिरवून बसतो. गॅरेजला पोचेपर्यंत तो पळालेला असतो.

आधी जिवाचं सांगतो. इंजिन बंद पडलं की ब्रेकची ताकदही ओसरू लागते. बहुतेक गाड्यांत पाय हलका ठेवायला बूस्टर असतो आणि त्यात साठलेल्या निर्वातावर दोन-तीनदाच ब्रेक नीट लागतो. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा. स्टिअरिंग जड होईल, पण फिरेल. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. चारही इंडिकेटर लावा, गाडी कडेला घ्या, आणि सुरक्षित जागा असेल तरच पुढचं काही करा.

आता पहिला प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा: गाडी बंद पडली ती कशी? खटकन, की गचके खात?

पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन, दाब आणि ठिणगी लागते, आणि हे सगळं नेमक्या क्षणी लागतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. ठिणगी थांबली की सेकंदाच्या पुढच्या शंभराव्या भागातच ताकद संपते. धाप नाही, आचका नाही, दिव्याचं बटण बंद करावं तसं इंजिन गप्प होतं. इंधनाचं तसं नाही. पंप मंदावला की दाब हळूहळू उतरतो आणि मिश्रण पातळ होत जातं. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण जुळलं तर सगळं पेट्रोल नीट जळतं. हवा फार वाढली की एखादा सिलिंडर पेटतो, एखादा नुसताच फिरतो. पिकअप जातो, गाडी झटके खाते, चढावर जास्त खाते, आणि मग थांबते. थोडक्यात, खटकन बंद पडली तर आधी विजेकडे बघायचं, गचके खात बंद पडली तर इंधनाकडे. याला अपवाद आहेत. पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) अचानक गेला तर दाब दोन-तीन सेकंदांतही कोसळू शकतो. तरी शोध कुठून सुरू करायचा हे त्या शेवटच्या पाच सेकंदांतून कळतं, आणि ती सांगणारा माणूस एकच असतो, गाडी चालवणारा. मेकॅनिकला "गाडी बंद पडते" एवढंच सांगू नका, हे सांगा.

दुसरी साक्ष सेल्फची. नुसता कट-कट आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे. चालत्या गाडीत ती उतरली असेल, तर डायनॅमो चार्ज करत नाही असं समजा. धड बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू इंजिनावर आकडा बाराच्या आसपास रेंगाळत असेल तर नवी बॅटरी घालून काही होणार नाही, तीही उतरेल. सेल्फ फिरतच नसेल आणि त्याआधी तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला असेल, तर इंजिन तापून जाम झालं असण्याची भीती असते. तिथे ओढाताण करू नका, आणि गरम रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भर्रकन फिरतोय? तर लगेच हात आवरा. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करवणारा पट्टा, तुटल्यावर व्हॉल्व्ह जागच्या जागी थांबतात, सिलिंडरमध्ये दाब धरला जात नाही, म्हणून इंजिन असं सैल फिरतं. अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, आणि आणखी सेल्फ मारलात तर वाचलेले व्हॉल्व्हही वाकायचे.

माझी गाडी यातलं काहीच करत नव्हती. ती तिन्ही वेळा खटकन बंद पडली आणि सेल्फ अगदी नेहमीसारखा फिरला. अशा वेळी दोन गोष्टी पाहायच्या असतात, आणि दोन्हींना हत्यार लागत नाही.

एक, पंपाचा आवाज. खिडक्या बंद करून इग्निशन चालू करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ ऐकू येतं आणि थांबतं. टाकीतला पंप लाइनमध्ये दाब भरतो, त्याचा हा आवाज. तो आला नाही तर फ्यूज, रिले किंवा पंप. पंपाच्या मोटरला थंड ठेवतं ते भोवतीचं पेट्रोलच, त्यामुळे कायम रिकाम्या टाकीवर गाडी हाकणं त्याला सोसत नाही. जुना पंप तापून अडला, तर टाकीच्या बुडाला हाताने दोन ठोके देऊन मेकॅनिक त्याला जागा करतात. अडलेली मोटर त्या धक्क्याने कधीकधी खरंच फिरते, पण तो तिचा निरोप समजायचा. टाकीचं झाकणही उघडून बघावं. आत जोरात हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर टाकीत हवा येण्याची वाट तुंबलेली असू शकते.

दोन, आरपीएमचा काटा. सेल्फ मारताना तो जरासा उचलला जातो, कारण इंजिन मिनिटाला दोनेकशे फेरे घेत असतं. माझा काटा शून्यावर चिकटून होता. पंप घूं करत होता, सेल्फ फिरत होता, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला मात्र इंजिन फिरतंय याचा पत्ताच नव्हता.

हा पत्ता देतो क्रँकशाफ्ट सेन्सर. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा. बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्यात लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्याच्यासमोर, जेमतेम एखाद्या मिलिमीटरच्या फटीवर, क्रँकशाफ्टबरोबर दातेरी चाक फिरतं. अनेक गाड्यांत या चाकावर ६० दातांची जागा असते आणि दात ५८. दोन मुद्दाम गाळलेले. प्रत्येक दात समोरून गेला की वेटोळ्यात विजेची लहर उठते. ३००० आरपीएमला सेकंदाला २९०० लहरी, आणि दर फेऱ्याला एकदा ती दोन दातांची पोकळी. त्या पोकळीवरून कॉम्प्युटर ओळखतो की पिस्टन आत्ता कुठे आहे. लहरी थांबल्या तर तो ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. त्याच्या लेखी इंजिन उभं आहे, मग पेट्रोल कशाला सोडायचं?

ही बारीक तार वर्षानुवर्षं इंजिनाला चिकटून तापते, निवते. तांबं आणि त्याभोवतीचं प्लास्टिक सारखं प्रसरण पावत नाही. कधीतरी तारेला चीर पडते. थंड असताना चिरेची दोन टोकं एकमेकांना टेकतात, तापली की दुरावतात. आणि बंद पडलेलं इंजिन लगेच निवतही नाही. पाणी फिरायचं थांबतं, पंखा आणि वारा थांबतो, आत साठलेली उष्णता बाहेरच्या भागांत झिरपते, त्यामुळे बॉनेटखालचं तापमान पहिली काही मिनिटं उलट वाढतं. गाडी दहा मिनिटांत सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने होते, ती यामुळे. तापल्यावर दगा देणारे भाग आणखीही आहेत, इग्निशन कॉइल, रिलेच्या आतला तडकलेला झाळ. पण काटा शून्यावर असेल तर सेन्सर आणि त्याची वायर आधी बघावी. सगळ्या गाड्यांचे काटे असे वागत नाहीत, म्हणून गाडी धड असतानाच एकदा सकाळी बघून ठेवा: आपला काटा सेल्फवर हलतो का, आपला पंप केवढा वाजतो.

गाडी तापून बंद पडली की पूर्वी सर्रास "पेट्रोलची वाफ झाली" म्हणायचे, आणि कार्बोरेटरच्या काळात ते अनेकदा खरंही असायचं. इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल हवेच्या तिप्पट-चौपट दाबाखाली असतं, त्यामुळे ते सहज उकळत नाही. डिझेलला ठिणगीच नसते, तिथे शोध बहुधा इंधनाच्या वाटेवर सुरू होतो: तुंबलेला फिल्टर, डिझेलमध्ये पाणी, किंवा लाइनने घेतलेली हवा.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तर 'पी०३३५' असा कोड दिसू शकतो. त्याचा अर्थ क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, एवढाच. सर्किटमध्ये वायरही येते आणि ती जोडायचा प्लगही. कोड पुसण्याआधी त्याबरोबर नोंदलेलं तापमान आणि वेग वाचून घ्या. बिघाड नेमका कधी झाला ते तिथे सापडतं.

माझ्या मेकॅनिकने सेन्सर काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. (तीन वायरींचा सेन्सर सहसा वेगळ्या जातीचा असतो, त्याला ही तपासणी चालत नाही.) ८७० ओहम, अगदी धड आकडा. मी त्याला काटा शून्यावर होता हे सांगितलं नसतं, तर त्याने तो तसाच परत बसवला असता. त्याने केस वाळवायचं ड्रायर आणलं आणि गरम वारा सोडला. आकडा चढू लागला, ९००, ९५०, १०४०. इथवर ठीकच होतं, तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतोच. मग पडद्यावरचा आकडा एकदम गेला आणि डावीकडे नुसता १ उरला. सर्किट उघडं. त्याने ड्रायर बंद केलं. आम्ही दोघं मीटरकडे बघत उभे राहिलो. चार-पाच मिनिटांनी आकडा परत आला, १०१०, आणि हळूहळू उतरू लागला.