गोव्यात सोसायटीचे उपविधी आणि सामाईक जागेचे वाद: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

गच्चीला कोणीतरी स्वतःचं कुलूप लावतं. बिल्डर स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, पार्किंगला भिंत घालून गाळा काढतो. समिती एक परिपत्रक चिकटवून भाडेकरूंना लिफ्ट बंद करते. पर्वरी, ताळगाव, फातोर्डा, वास्को, जिथे इमारती दाटल्या तिथे हे ऐकू येतंच. तक्रार मात्र प्रत्येकाची वेगळ्या ठिकाणी चालते. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज कित्येक महिने पडून राहतो आणि मग अधिकारक्षेत्र नसल्याचा शेरा मारून परत येतो.

सदस्य आणि समिती यांच्यातला वाद, म्हणजे सभा, निवडणूक, वर्गणी, उपविधींचा (सोसायटीच्या नोंदलेल्या नियमांचा) अर्थ, हा गोवा सहकारी संस्था अधिनियम 2001 च्या कलम 83 खाली सहकार निबंधकांकडे जातो. मुख्य कार्यालय पणजीत पाटो येथील सहकार संकुलात आहे. म्हापसा, मडगाव, फोंडा अशा ठिकाणी साहाय्यक निबंधक बसतात, तेव्हा आपली इमारत ज्यांच्या हद्दीत आहे तिथे आधी चौकशी करावी. अर्जदार सदस्य असावा लागतो. भाडेकरूला काही म्हणायचं असेल तर अर्ज घरमालकाच्या नावाने करणं बरं. फ्लॅट विकत घेतला, पण सोसायटीच्या नोंदवहीत नाव चढवलंच नाही, असे बरेच लोक इथेच अडकतात. भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) आपलं नाव आहे का, हे आजच पाहून घ्या.

उपविधी म्हणजे समितीची इच्छा नव्हे. सर्वसाधारण सभेने ठराव केला आणि निबंधकांनी दुरुस्ती नोंदवली, तरच ती लागू होते. त्यामुळे नोटीस बोर्डावरचा कागद दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: याची नोंदणी झाली आहे का? दुसरीकडे, नोंदलेला उपविधी आपल्याला पटत नसला तरी सदस्य म्हणून तो आपल्यावर बंधनकारक असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये झोरोॲस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात उपविधींकडे सदस्यांमधला करार म्हणूनच पाहिलं. समिती प्रत देत नसेल तर निबंधक कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा. सोसायटी स्वतः त्या कायद्यात सहसा येत नाही, पण निबंधकांना कायद्याने मिळवता येणारी माहिती मिळू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं आहे.

आता कागद. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. गोव्यात बहुतेक ठिकाणी असते ती मेंटेनन्स सोसायटी. जमीन अनेकदा तिच्या नावावर नसते, प्रत्येक फ्लॅटधारकाच्या विक्रीखतात जमिनीचा अविभक्त हिस्सा लिहिलेला असतो. म्हणून विक्रीखताची शेवटची पानं, शेड्यूलची, बोट ठेवून वाचा. एका शेड्यूलमध्ये जमीन आणि तिच्या चारही दिशांच्या सीमा असतात, दुसऱ्यात तुमचा फ्लॅट. गच्ची किंवा पार्किंग कोणाला दिल्याचा शब्द आहे का, ते तिथेच कळतं. त्यासोबत एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद, जोडा. शहर सर्व्हेच्या भागात त्याऐवजी चलता क्रमांक (शहर सर्व्हेतला जागेचा क्रमांक) आणि पी.टी. शीटचे (त्या सर्व्हेच्या नकाशाचे) कागद लागतात. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट हवंच. नकाशात ज्या चौकटीवर पार्किंग लिहिलंय तिथे आज दुकान असेल, तर तो नकाशा आणि आजचा फोटो शेजारी ठेवले की पुढचं कमी बोलावं लागतं. सभेची नोटीस, इतिवृत्त, मेंटेनन्सच्या पावत्या आणि समितीला पाठवलेल्या पत्रांची पोचही लावा. तोंडी तक्रारीला काही किंमत नाही.

बिल्डरविरुद्ध वाद असेल तर गोवा रेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण. 2016 च्या रेरा कायद्यात जिने, लिफ्ट, गच्ची, उघडं पार्किंग सामाईक क्षेत्रात मोजलं आहे. मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. बांधकामातला दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार कलम 31 खाली होते, निकालाविरुद्ध अपील साठ दिवसांत. स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा नहालचंद निकाल लोक वारंवार पुढे करतात. तो महाराष्ट्राच्या कायद्यावरचा आहे. आपल्या अर्जात त्याचा आधार घ्या, पण केवळ त्यावर विसंबू नका.

बेकायदा भिंत किंवा शेड असेल तर पंचायतीकडे, 1994 च्या पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली. शहरात नगरपालिकेकडे, पणजीत महानगरपालिकेकडे.

जागा नेमकी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न शेवटी दिवाणी न्यायालयाचा. तिथे जाताना पती-पत्नी दोघांनी अर्जदार व्हावं. गोव्याच्या नागरी कायद्याखाली लग्नानंतरची मालमत्ता सहसा दोघांची मानली जाते आणि एकाच्याच सहीवरून पुढे आक्षेप निघू शकतो.

कुठेही गेलात तरी मूळ अर्जासोबतच तात्पुरत्या मनाईची मागणी करा. भिंत उभी राहून गाळ्याला शटर लागलं की ते हटवायला वर्षं जातात, काम सुरू असतानाच थांबवणं त्या मानाने सोपं.