मीटिंग फॉरवर्ड झाली म्हणजे नक्की कुठं गेली?

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी सांगलीच्या मावशीचा फोन, "अगं बारसं प्रीपोन केलंय, रविवारचं शुक्रवारी घेतलंय, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटाकडं चाललंय, 45 ला धोक्याची पातळी, नंतर पाव्हणे पोचायचे नाहीत." मावशी सातवी शिकलेली, पण प्रीपोन म्हणताना अडखळली पण नाही.

आणि गंमत बघा, हा शब्द लंडनमध्ये वापरला तर समोरचा बघतच राहील. पोस्टपोन मूळचा लॅटिन, पोस्ट म्हणजे नंतर आणि पोनेरे म्हणजे ठेवणं. मग आधी ठेवायचं तर प्री लावा, झालं काम! एका शब्दाचा साचा बघून दुसरा पाडायचा याला भाषाशास्त्रात अॅनालॉजी म्हणतात. इंग्रजीत 16व्या शतकात प्रीपोन होता पण अर्थ होता समोर ठेवणं, आणि 1913 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून एकानं पोस्टपोनला जोडीदार म्हणून तो सुचवला होता, पण तिकडं काय तो रुजला नाही. रुजला आपल्याकडं, आणि आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत पण भारतीय इंग्रजी म्हणून आहे.

ब्रिटिश लोक त्याऐवजी 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणतात, आणि तिथंच मी एकदा तोंडावर आपटले. क्लायंटचा मेल आला, बुधवारचा कॉल दोन दिवस ब्रॉट फॉरवर्ड. फॉरवर्ड म्हणजे पुढं, पुढं म्हणजे शुक्रवार, म्हणून मी निवांत, आणि सोमवारी सगळे लाइनवर माझी वाट बघतायत.

'मूव्हड फॉरवर्ड' म्हटलं की खुद्द इंग्रजीवाले पण गोंधळतात, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकल रामस्कर या संशोधकांनी 2002 मध्ये छापलेल्या प्रयोगांत हेच विचारलं होतं, बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड गेली तर आता कधी? कोण सोमवार म्हणालं, कोण शुक्रवार. वेळ आपल्याकडं चालत येतेय असं डोक्यात असेल तर फॉरवर्ड म्हणजे आपल्या जवळ, म्हणजे सोमवार, आणि आपणच वेळेतून चाललोय असं वाटत असेल तर शुक्रवार. सॅन फ्रान्सिस्को एअरपोर्टवर विचारलं तर कुणाला तरी न्यायला आलेले निम्मे निम्मे, आणि नुकतेच विमानातून उतरलेले बहुतेक शुक्रवारवाले! प्रवास करून आलेलं डोकं अजून चालतच असतं म्हणायचं.

मराठीत हा घोळ नाही, पुढं ढकलली म्हणजे उशिरा, अलीकडं घेतली म्हणजे लवकर, विषय संपला. पण आपण फार शहाणे आहोत असं पण नाही, कारण फोन ठेवता ठेवता मावशी म्हणाली, "परवाच पाळणा आणून ठेवलाय बघ, तू फक्त परवा वेळेत ये."