प्रतिकारशक्ती वाढवणं वेगळं, इम्युनोथेरपी वेगळी

"सिस्टर, यांना ते इम्युनिटी वाढवायचं इंजेक्शन चालू आहे ना?" नाशकात कर्करुग्णांच्या डे-केअरमध्ये काम करताना हा प्रश्न दिवसाआड तरी कानावर येतोच. निफाड, सिन्नर, ओझरहून पहाटे निघून आलेली माणसं असतात आणि पिशवीत गुळवेलीच्या काढ्याची स्टीलची बाटली. इम्युनोथेरपी हा कर्करोगाचा उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायचं इंजेक्शन, या एका गैरसमजापायी रुग्णांचे हाल होताना मी पाहिलेत, म्हणून लिहितेय.

प्रतिकारशक्ती वाढवणं म्हणजे काय, हे कोविडनंतर कुणाला सांगायला नको. हळदीचं दूध, च्यवनप्राश, काढे. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या की त्वचेखाली टोचतात ते इंजेक्शनही याच खात्यातलं. त्याने पेशींची संख्या वाढते, इन्फेक्शनचा धोका कमी होतो. ती इम्युनोथेरपी नव्हे. केमो आणि इम्युनोथेरपी दोन्ही सलाइनमधून जातात म्हणून होणारा घोळ फाइलवरचं औषधाचं नाव वाचलं की मिटतो.

खरी गोम पुढे आहे. द्राक्षाचा माल तयार झाला की बागेत राखणदार ठेवतात. समजा त्याला ताकीद आहे, मालकाच्या माणसाला अडवायचं नाही. चोर आला आणि म्हणाला, मी मालकाचाच माणूस. आता राखणदार दोनाचे दहा करा, त्यांना दूधतूप खाऊ घाला, चोर माल नेणारच. आपल्या टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, हे ते राखणदार. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. समोरच्या पेशीवरचं पीडी-एल१ त्याला भिडलं की टी-पेशी हात आवरते. आपल्याच अवयवांवर हल्ला होऊ नये म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. कर्करोगाच्या अनेक गाठींमधल्या पेशी हेच पीडी-एल१ अंगावर घेऊन सुटतात. पीडी-१ चा शोध जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला, तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. सीटीएलए-४ या अशाच दुसऱ्या लगामावर अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी काम केलं. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं पीडी-१ झाकून टाकतात, म्हणजे राखणदाराला दिलेली ती ताकीद मागे घेतात.

टॉनिक असतं तर जास्त डोस म्हणजे जास्त ताकद, असा हिशोब लागला असता. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला. वर्षभर जगलेल्या रुग्णांचं प्रमाण नुसत्या तोंडाच्या औषधांवर १६.३ टक्के होतं, ते ४३.४ टक्क्यांवर गेलं. तंबाखूने तोंडं पोखरलेल्या आपल्या भागात हा आकडा ऐकून मला त्या दिवशी खरोखर भरून आलं होतं.

आणि 'वाढवणं' हा शब्द तर मला अजिबात चालत नाही. ॲलर्जीचीही इम्युनोथेरपी असते, पण तिथे भडकलेली प्रतिकारशक्ती थोड्या थोड्या मात्रेने शांत करतात. ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारात तर कार-टी पेशी (प्रयोगशाळेत बदल करून परत दिलेल्या टी-पेशी) वापरून बिथरलेल्या बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीच काढून टाकण्याचं संशोधन चालू आहे.

ताकीद मागे घेतली की राखणदार कधीकधी घरच्याच माणसाची मानगूट धरतो. आतडी, फुप्फुसं, यकृत, थायरॉइड, कुठेही सूज येते, कधी शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीसुद्धा. एका काकांना जुलाब लागले, दिवसातून आठ वेळा. घरच्यांना केमोचा अनुभव होता. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणली, ताक-भात दिला, पाच दिवस वाट पाहिली. केमोच्या जुलाबात आतड्याचं अस्तर औषधाने सोललं जातं, ते आपलं आपण भरून येतं. इथे मात्र टी-पेशी आतड्यावर चालून गेल्या होत्या. नुसत्या गोळीने त्या मागे फिरत नाहीत. काकांना आणलं तेव्हा ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, उभं राहवत नव्हतं.

डॉक्टरांनी स्टिरॉइड लिहिलं तर मुलगा अडून बसला, "त्यानं प्रतिकारशक्ती कमी होते, मग एवढं महागाचं इंजेक्शन वाया जाईल." पुन्हा तोच गैरसमज! अशा त्रासासाठी दिलेल्या स्टिरॉइडने उपचाराचा फायदा पुसला जात नाही, असंच बहुतेक अभ्यास सांगतात. उशीर केला तर मात्र आतड्याला भोक पडू शकतं. स्टिरॉइड सुरू झालं, काका सावरले, मग कित्येक आठवडे मात्रा हळूहळू उतरवली.

त्यांच्या पिशवीतही काढा होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवलेत. त्यात अशी लक्षणं होती, जणू प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटलीय. पीडी-१ वर औषध चालू असताना असा काढा घेतला आणि कावीळ झाली, तर दोष कुणाचा हे डॉक्टरांनी कसं ओळखायचं? म्हणून मी बाटली बाजूला ठेवायला लावते, कुणी रागावलं तरी.

उपचार चालू असोत की संपलेले, शौचाला नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जावं लागलं, नवा खोकला आला, धाप लागली, डोळे पिवळे दिसले, तर मेडिकलमध्ये जायच्या आधी डे-केअरला फोन करा आणि पहिलं वाक्य हेच बोला, "यांना इम्युनोथेरपी दिली आहे."